काठीवरचा भार

मास्तर काठी घ्यायला तयार नव्हते आणि नवा गुडघा काठीशिवाय मास्तरांना घराबाहेर न्यायला तयार नव्हता. त्यामुळे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. दवाखान्यातून मिळालेली राखाडी, रबरी बुडाची काठी घरात बाकी सगळी कामं करत होती. मास्तर तिने पंख्याचं बटण दाबत, पडदा सारत, सोफ्याखाली गेलेली चप्पल बाहेर ओढत. फक्त ती टेकून चालत नसत.

"काका, गुडघा आत्ता वाकायला शिकला तर शिकला," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "हे दिवस असे बसून घालवलेत, तर तो कायमचा ताठ राहील."

"राहू दे की. ताठ राहणं चांगलंच."

मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. 'ताठ उभा राहा' हे वाक्य त्यांनी इतक्या मुलांना ऐकवलं होतं, की आता ते तोंडात न राहता थेट मणक्यात जाऊन बसलं होतं.

"अहो, चेष्टा नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही खिडकीत, मी स्वयंपाकघरात. असंच बसायचंय का आता दोघांनी?"

मास्तरांनी काठीने पंख्याचं बटण दाबलं. मुलीने मात्र खुर्ची ओढली आणि समोर बसली. यंत्रांचे भाग डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत ती काम करत असे, आणि काहीही बिघडलं की आधी प्रश्न नीट मांडायचा, अशी तिला सवय लागली होती.

"बाबा, काठीत नेमकं काय खटकतं?"

"ती घेतली की आरशात म्हातारा दिसतो."

"कुठला म्हातारा?"

"मीच!"

मुलीच्या दृष्टीने प्रश्न नीट मांडून झाला होता. काठी अशी हवी, की ती हातात असताना आरशात माणसाकडे लक्षच जाऊ नये.

तिने टेप आणून मास्तरांच्या मनगटाची जमिनीपासूनची उंची मोजली, तळहात मोजला. चालताना काठीवर किती भार पडायला हवा, असं फिजिओ बाईंना विचारलं. अंगाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, त्या म्हणाल्या. मग सुट्टीच्या दुपारी तिने लॅपटॉप उघडला आणि मास्तरांना शेजारी बसवलं. पडद्यावर एक लांबट, करडा, अगदी मठ्ठ दिसणारा ठोकळा होता.

"ही काठी?" मास्तर म्हणाले. "यापेक्षा दवाखान्याची बरी."

"थांबा जरा. हात इथे धरणार, जमीन इथे लागणार, भार असा खाली येणार. एवढंच याला सांगायचं. आणि अट एकच, कमीत कमी धातूत भागव."

तिने बटण दाबलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग ठोकळ्याचा एक कोपरा विरला. पाठोपाठ दुसरा. मग पोटात एक भोक पडलं, ते मोठं झालं, त्याच्या शेजारी आणखी एक उघडलं. कुणी अदृश्य प्राणी आतून तो ठोकळा कुरतडत असावा, तसं दिसत होतं. मास्तर पुढे सरकले.

"कोण कापतंय हे?"

"कुणी नाही. प्रोग्राम ठोकळ्याच्या प्रत्येक कणाला विचारतो, तुझ्यावर भार येतो का? ज्याच्यावर येत नाही त्याला काढून टाकतो. मग उरलेल्यांना पुन्हा विचारतो."

"म्हणजे रांगेत नुसते उभे राहून जांभया देणारे सगळे बाहेर!"

"अगदी तसंच. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात."

"आम्ही शिस्त म्हणायचो."

ठोकळ्याचं आता बारीक धाग्यांचं झाड झालं होतं. मुठीखाली तीन फांद्या फुटल्या, एकमेकींत गुंतल्या, मध्ये पातळ झाल्या आणि जमिनीजवळ मुळांसारख्या पुन्हा एकत्र आल्या. कुठेही सरळ रेघ नव्हती, तरी एकही वळण उगाच घेतलेलं वाटत नव्हतं. स्वतः मुलीने असे आकार ऑफिसात कितीतरी पाहिले होते. तरीही शेवटचा कण विरून आकृती स्थिर झाली, की दर वेळी तिचा हात आपोआप माउसवरून निघत असे. मोठ्या माणसासमोर खिशातला हात काढावा तसा.

"हे तू शिकवलंस त्याला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"नाही. मला हा आकार सुचलाच नसता. मी फक्त भार कुठून येतो ते सांगितलं."

मास्तर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "अरे वा," एवढंच म्हणाले. कवायतीच्या मास्तरांकडून 'अरे वा' मिळालेले विद्यार्थी फार थोडे होते.

ऑफिसात धातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून वस्तू छापणारं यंत्र होतं. चाचणीसाठी काहीतरी छापायचंच होतं, म्हणून साहेबांनी परवानगी दिली. पूर्ण काठी यंत्रात मावेना, तेव्हा ती तीन तुकड्यांत छापून आट्यांनी जोडली. घरी आणली तेव्हा मास्तरीणबाईंनी ओले हात पुसून ती उचलली आणि काठी एकदम वर गेली, कारण त्यांनी जोर लावला होता काठीचा आणि वजन निघालं पेलाभर पाण्याचं.

"अगं बाई! पोकळ आहे का?"

"पोकळ नाही. नाहीच आहे. जिथे लागत नाही तिथे काहीच नाही."

मास्तरांनी काठी उजेडात धरली. खिडकीतलं ऊन तिच्या भोकांतून शिरून भिंतीवर जाळी होऊन पडलं. त्यांनी काठी जराशी फिरवली, तशी जाळीही फिरली. मग ते उठले, केस विंचरले आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो."

घरातून निघतानाच घोटाळा झाला. काठीला जेवढी भोकं होती, तेवढे आकडेही होते. आधी पडद्याची दोरी अडकली, मग लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांची भाजीची जाळीदार पिशवी. दोघांनी ओढाताण केली, तेवढ्यात दार बंद झालं आणि वर कुणीतरी बटण दाबलं. मास्तर आणि दंतवैद्य एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत पार गच्चीपर्यंत गेले आणि खाली आले.

"माफ करा हं, डॉक्टर."

"अहो, माफ काय करता! हलवू नका. हे बघू द्या." दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. "मास्तर, जबड्याच्या हाडाला आतून बघितलं ना, तर हे असंच असतं. चावण्याचा जोर जिकडून येतो, तिकडेच हाड दाट. कुणी केलं हे?"

"कुणी नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले. "भाराने केलं."

दंतवैद्यांना काठी दवाखान्यात न्यायची होती, हाडाचा फोटो शेजारी ठेवून बघायला. मास्तर म्हणाले, काठी एकटी जाणार नाही, मी घेऊन येतो. दवाखाना तीन गल्ल्या पलीकडे होता. मास्तर गेले. तिथल्या पेशंटांनी कळ विसरून काठी पाहिली. एका बाईंना ती आपल्या भावाला दाखवायची होती, भाऊ पूल बांधायच्या कामावर होता. मास्तर दुसऱ्या दिवशी पुलापाशी गेले. तिथून परतताना बागेतल्या बाकावर गर्दी जमली, आणि एका कुत्र्याचा पट्टा, एका आजोबांच्या स्वेटरचा धागा आणि मास्तर असे तिघे मिळून एक नवीनच रचना तयार झाली. ती सोडवताना सगळ्यांच्या ओळखी झाल्या.

घरात काठीचा मान वाढत गेला. तिच्यासाठी कोपऱ्यात मऊ कापड अंथरलं गेलं. एकदा मास्तरीणबाई फडकं घेऊन गेल्या, तर मधल्या भोकात कोळ्याने जाळं विणलेलं.

"पुसू नकोस," मास्तर ओरडले. "त्यालासुद्धा कळलंय काय आहे ते!"

महिन्याभराने फिजिओ बाई आल्या. त्यांनी गुडघा वाकवला, पुन्हा वाकवला आणि मागे रेलून मास्तरांकडे पाहिलं. "काका, काय केलंत काय? हा तर लोण्यासारखा वळतोय. काठीने कमाल केली."

मुलीला आनंद झाला आणि लगेच तिचं डोकंही चालू लागलं. आता दुसरी काठी करायची, धागे न अडकणारी. पण या वेळी अंदाजाने नाही, खरा भार मोजून. तिने मुठीखाली बोटाच्या पेराएवढी, ताण मोजणारी पट्टी चिकटवली आणि तिची तार मुठीतल्या छोट्या चिपला जोडली.

"काठीचा कार्डिओग्राम आहे हा," तिने सांगितलं. "तुम्ही नेहमीसारखे चाला."

"नेहमीसारखाच चालतो मी."

आठवड्याने तिने आलेख उघडला. एक रेघ होती. सरळ, डावीकडून उजवीकडे, जशी मास्तरांना मुलांची रांग आवडायची तशी. मुलीने पट्टी तपासली, तार तपासली, स्वतः काठीवर रेलून पाहिलं. आलेख टुणकन वर उडाला. म्हणजे यंत्र ठीक होतं. मग तिने आठवडाभराची रेघ पुन्हा बारकाईने न्याहाळली. मध्ये एकदाच एक उंचवटा होता. गुरुवारी, दंतवैद्यांनी 'बघू, वजन पेलते का' म्हणून काठीवर रेलून पाहिलं होतं तेव्हाचा.

मास्तर त्या वेळी बाहेरच होते. ती चपला घालून धावत सुटली.

बागेकडच्या रस्त्यावर मास्तर येताना दिसले. चाल ठणठणीत, मान ताठ. काठी त्यांनी दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, नुकतंच जन्मलेलं बाळ घरी आणावं तशी. वाटेत डबकं आलं. मास्तरांनी काठी छातीशी धरून वर उचलली आणि डबकं लांब टांग टाकून ओलांडलं. पायऱ्या आल्या, तेव्हा ती काखेत घेतली आणि भिंतीला घासू नये म्हणून स्वतः तिरके होऊन चढले.

"बाबा!" मुलगी जिथे होती तिथूनच किंचाळली. "काठी टेकवा!"

मास्तर थबकले. "कुठे?"

"जमिनीवर!"

"रस्त्यावर? ही?" मास्तरांचा चेहरा असा झाला, जसा काही तिने बाळालाच रस्त्यावर ठेवायला सांगितलं होतं. "शुद्धीवर आहेस ना? खालची मुळं झिजतील तिची!"

"ती टेकवण्यासाठीच आहे, बाबा! तिचा कण न् कण टेकवण्यासाठीच तिथे आहे!"

"असेल. पण म्हणून काय कुणी टेकवतं?"

संध्याकाळी फिजिओ बाईंना बोलावणं गेलं. मास्तरीणबाई सगळं ऐकून धप्पकन सोफ्यावर बसल्या. "म्हणजे महिनाभर हे... असेच? आधाराशिवाय? पडले असते म्हणजे?"

"काका," फिजिओ बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही महिनाभर काठीशिवाय चालताय?"

"छे! भलतंच!" मास्तर दुखावले. "काठीशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही."

"मग आता जरा टाकून दाखवा. इथून दारापर्यंत. काठी राहू दे सोफ्यावर."

मास्तर उभे राहिले, पाऊल उचललं आणि चक्क डगमगले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "बघा. म्हटलं नव्हतं? तिच्याशिवाय जमत नाही."

बाईंनी काठी त्यांच्या काखेत दिली. मास्तर दारापर्यंत गेले, टाच फिरवून वळले आणि परत आले. फिजिओ बाई काही तरी लिहायला पेन उघडून बसल्या होत्या. त्यांनी ते मिटलं. "माझे पेशंट काठी सोडवत नाही म्हणून रडतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती कधी टेकवलीच नाहीत, आणि तीच सोडवत नाही. यावर उपाय मला शिकवलेला नाही."

सगळे मुलीकडे पाहू लागले. तिलाही उपाय ठाऊक नव्हता. पण मोजलेला भार तिच्याजवळ होता, आणि खऱ्या आकड्यांवर प्रोग्राम चालवल्याशिवाय तिला राहवलं नसतं. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मोठ्या पडद्यावर तो मठ्ठ करडा ठोकळा उभा राहिला. हात इथे, जमीन इथे, भार शून्य.

"नवी काठी?" मास्तरांनी खुर्चीतून विचारलं.

"तुमच्या चालीची. बघा."

कोपरे विरले. भोकं पडली, पसरली, एकमेकांना मिळाली. फांद्या दिसू लागल्या आणि दिसता दिसता बारीक झाल्या. मूठ गेली. बूड गेलं. मध्ये केसाएवढा एक तंतू काही क्षण तरंगत राहिला. मग तोही गेला. पडदा पांढरा स्वच्छ झाला, आणि खाली कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत उमटलं, 'उत्तर मिळाले'.

"बंद पडलं?" मास्तरीणबाईंनी कुजबुजत विचारलं.

"नाही, आई. झाली काठी."

"कुठाय?"

"हीच."

मास्तरांना खुर्चीतून नीट दिसेना. ते उठले. काठी सोफ्यावर होती, ती राहिली. ते चालत टीव्हीपाशी गेले, जवळून पाहिलं, मग दोन पावलं मागे येऊन पाहिलं, मग बाजूला जाऊन तिरकं पाहिलं. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, तर फिजिओ बाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला.

"अरे वा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मूठ कुठे येते हिची?"

"तुम्ही धराल तिथे."

मास्तरांनी उजवा हात खाली सोडला, बोटं किंचित वळवली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली.

"बरी आहे," ते म्हणाले. "ही रस्त्यावर टेकवली तरी चालेल."