खाली उतरायचंय!

आटाक्पामेच्या बाजारात संध्याकाळच्या नाचाची हाळी देऊन याओवी परतला, तेव्हा युवक मंडळाचं गोदाम जागेवर नव्हतं.

याओवी त्या वेळी दोन पुरुष उंच काठ्यांवर होता. पणजोबांच्या काळापासूनचा काठ्यांवरचा नाच मंडळातली पोरं टिकवून होती; पण काठ्या पायांना बांधायच्या किंवा सोडायच्या, तर गोदामाच्या उंच वळचणीवर बसूनच. गावातली बाकीची छपरं याओवीच्या गुडघ्यालाही लागत नव्हती.

"ओगूबी, गोदाम कुठाय रे?"

"पाडलं!" मंडळाचा अध्यक्ष ओगूबी खालून ओरडला. "साहेब येतायत ना! त्यांच्या गाड्यांना रस्ता रुंद हवा म्हणे."

"कुठले साहेब?"

"परंपरा जपायच्या खात्याचे. आपलं कौतुक करायला."

"मग मी उतरू कुठं?"

"मला काय विचारतोस? तुला वरून जास्त दिसतंय!"

काठ्यांवर थांबला की माणूस आडवा. म्हणून याओवी येरझारा घालत राहिला. अंगणातून आकूवीकाकू ओरडली, "हिंडतोच आहेस तर शेंड्यावरचे आंबे काढ की मेल्या!" त्याने काढले. तिच्या शेजारणीची हरवलेली शेळीही वरून शोधून दिली. मग पाय भरून आले. तोल सावरायला तो गिरक्या घेऊ लागला, तशी नाच सुरू झाला समजून ढोलवाल्यांनी ढोल घुमवले. गाव जमलं आणि साहेबही पोचले.

"मला खाली उतरायचंय!" याओवीने टाहो फोडला.

"वा! काय आर्त गाणं आहे!" म्हणत साहेबांनी सूर धरला. मग अख्खं गाव गाऊ लागलं, "खाली उतरायचंय हो, खाली उतरायचंय!" ओगूबीने तर दुसरं कडवंही रचलं.

ढोल थांबल्यावर साहेबांनी मान वर केली. "बोल बाळा, मंडळाला काय हवं?"

"बसायला जागा!"

"मंजूर! चाळीस खुर्च्या!"

साहेबांच्या पुढच्या समारंभाला निघालेली, खुर्च्यांचा डोंगर लादलेली लॉरी मागेच उभी होती. ओगूबी मागच्या बाजूने चाळीस खुर्च्या मोजून घेईपर्यंत याओवी पुढच्या ढिगावर टेकला. त्याने काठ्या सोडून खाली टाकल्या, डोळे मिटले. हायसं वाटलं.

एवढ्यात लॉरी सुरू झाली.

याओवी उठून दोन्ही हात हलवू लागला.

"एरवी ओळखसुद्धा दाखवत नाही मेला," आकूवीकाकू डोळे पुसत म्हणाली, "आज बघा कसा निरोप घेतोय!"

आणि लॉरी वळणाआड जाईपर्यंत गाव चाळीस नव्या खुर्च्यांवर ऐसपैस बसून टाळ्या वाजवत राहिलं.