एक माणूस कमी

“आणखी एक माणूस हवा,” ज्ञानदेव म्हणाला आणि त्यानं पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला सुरुवात केली.

“बोटं तीच आणि माणसंही तीच,” गार्डसाहेब आरामखुर्चीतून म्हणाले. “कितीदाही मोजलीस तरी नऊच भरणार.”

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या बैठ्या घराच्या ओट्यावर दोघे बसले होते. नावं लिहून काढायची सोय नव्हती. दिवस शनिवारचा होता आणि त्या घरात शनिवारी पेन उघडत नसत. बेंजामिन झिराडकर मालगाडीचे गार्ड होते तोवर शनिवार-रविवार काही न बघता त्यांनी गाड्या नेल्या. निवृत्त झाल्यावर मात्र ते शनिवार असा पाळू लागले, की चहासुद्धा आदल्या दिवशी थर्मासमध्ये भरून ठेवत.

ज्ञानदेव खुटबावच्या म्हाळू गँगमनचा मुलगा. पुण्याला विद्यापीठात इतिहासात एम.ए. करत होता. प्रबंधासाठी वर्गातल्या बाकीच्यांनी गड, लढाया आणि सरदार वाटून घेतले. ज्ञानदेवला ग्रंथालयात कोकणातल्या बेने इस्राईल लोकांविषयी वाचायला मिळालं होतं. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ज्यू. कित्येक पिढ्या त्यांना आपल्या धर्मातलं फारसं काही आठवत नव्हतं, पण जे आठवत होतं ते त्यांनी सोडलं नव्हतं. ज्ञानदेवला हे फार आवडलं. त्यानं तोच विषय घेतला, उजवीकडून डावीकडे लिहायची हिब्रू लिपी शिकायला घेतली आणि शिकवायला माणूस शोधत शोधत गार्डसाहेबांच्या ओट्यावर येऊन पोचला. “पोरगं उजव्या अंगानं लिवायला लागलंय,” असं त्याची आई ताईबाई आळीतल्या बायकांना सांगायची. बायका काळजीनं विचारायच्या, “दवाखान्यात दावलं का?”

उद्या रविवारी गार्डसाहेबांच्या पत्नी लीयाबाई यांना जाऊन वर्ष होत होतं. वर्षाच्या दिवशी कद्दिश म्हणायची. ही प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही. दहा वयात आलेले ज्यू पुरुष हजर लागतात. पूर्वी दौंडात रेल्वेतलीच एवढी घरं होती, की दहा माणसं नुसत्या हाकेला जमत. एकेक करून सगळे मुंबईला नाही तर इस्राईलला गेले. उरले गार्डसाहेब आणि निवृत्त तिकीट तपासनीस डॅनियल. सात जण उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याहून येणार होते.

“जवळपास आणखी कुणीच नाही?” ज्ञानदेवनं विचारलं.

“शिरूरला आहे एक. लीयाचा भाऊ. पण तो यायचा नाही.” गार्डसाहेब पुढं म्हणाले, “तिला कोकणात नागावला आईवडिलांच्या कबरींशेजारी ठेवा म्हणत होता. मी पुण्याला नेलं. त्या दिवशी म्हणाला, आता तुझ्या दारात तू मेल्यावरच येईन.”

ज्ञानदेवनं मनाशी ठरवलं, की पुण्याला जायचं आणि कुणाच्या तरी हातापाया पडून आठवा माणूस आणायचा. स्टेशनवर त्याला ओळखीचा मुकादम भेटला. “आप्पांना निरोप पोचवा,” ज्ञानदेव म्हणाला. “म्हणावं, आज घरी येत नाही. गार्डसाहेबांच्या घरी उद्या कार्य आहे आणि माणूस कमी पडतोय.”

निरोप दौंडहून निघाला तेव्हा ठणठणीत होता. पाटसला पोचेपर्यंत ‘कार्या’चं ‘दिवसकार्य’ झालं. दिवसकार्य म्हटल्यावर मयत आलंच. केडगावात कुणीतरी विचारलं, “मयत कुनाचं?” आणि निरोप्याला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. दुपारी रुळावर ठोकाठोक करणाऱ्या म्हाळूला जो निरोप मिळाला तो असा: “झिराडकर गार्डसाहेब गेले. खांद्याला मानसं न्हाईत. उद्या सकाळी न्यायचंय. तुजं पोरगं एकटं धावाधाव करतंय.”

म्हाळूनं हातोडा खाली ठेवला आणि तो रुळावरच बसला. तो गार्डसाहेबांना कधी जवळून भेटला नव्हता. पण एवढ्या वर्षांत शेकडो गार्ड त्याच्यासमोरून झेंडी दाखवत गेले होते आणि धावत्या गाडीच्या ब्रेकच्या डब्यातून हात वर करून “जय भीम, म्हाळू!” असं ओरडणारा गार्ड हा एकच होता. त्यात आता त्याच्या पोराला शिकवणाराही तोच.

“खांद्याला मानसं न्हाईत म्हंजी काय?” म्हाळू डोळे पुसत उठला. “आपुन मेलोय का?”

बौद्धवाड्यातली झाडून सारी माणसं तयार झाली. एवढ्यांना न्यायचं कसं, म्हणून म्हाळू बागाईतदार हौसरावांकडे गेला. हौसरावांनी त्याला आजवर अंगणाच्या पुढं बसवलं नव्हतं, पण मयताची गोष्ट वेगळी. “ट्रॅक्टर-ट्रॉली घिऊन जा,” ते म्हणाले. “मी सकाळी शिरूरला इंजनाचा पार्ट आणाया जातोय. तसाच राजदूतवरनं मागनं येतो.” ट्रॉली हौसरावांची म्हटल्यावर गावातलेही आठ-दहा जण चढले.

खरी अडचण पुढंच होती.

“त्यांच्यात जाळत्यात का पुरत्यात?” म्हाळूचा चुलतभाऊ म्हस्कू यानं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो पोरगा पुण्याला होता. एक जण म्हणाला, नावावरून पुरत असतील. दुसरा म्हणाला, बोलतात तर मराठी, म्हणजे जाळत असतील. शेवटी म्हाळूनं निकाल दिला, “ऐन वक्ताला खोळंबा नगं. दोन्ही घ्या.” म्हणून ट्रॉलीत एका बाजूला बाभळीची लाकडं पडली आणि दुसऱ्या बाजूला कुदळी-फावडी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ताईबाईनं बायका जमवून पहाटेच भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि टोपल्या वर चढवल्या.

रविवारी सकाळी ट्रॉली गार्डसाहेबांच्या दारात येऊन थांबली. ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतला, पांढरी दाढी वाढलेला, डोक्यावर काळी टोपी घातलेला एक म्हातारा एकटाच बसला होता. म्हाळूच्या आठवणीतले गार्डसाहेब म्हणजे युनिफॉर्म, पी-कॅप आणि काळ्याभोर मिशा. हा त्यांचा थोरला भाऊ असणार, असं समजून त्यानं धावत जाऊन त्यांना मिठीच मारली.

“दादा, लई वाईट झालं!”

“हो,” गार्डसाहेब गहिवरले. लीयासाठी इतकी माणसं येतील, हे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“कवा झालं?”

“आज बरोबर वर्ष झालं.”

म्हाळूची मिठी सैल झाली. “वरीस?”

“हो. पण अजून मला वाटतं, आतच आहे.”

म्हाळूनं घाबरून आत नजर टाकली. “आत न्हाई?”

“आत कुठलं? पुण्याला नेलं ना. दौंडात आमची जागा नाही.”

म्हस्कू मागून कुजबुजला, “आप्पा, वरीस झालं तर आत्ता खांदा कुनाला द्यायचा?”

तेवढ्यात गार्डसाहेबांचं लक्ष ट्रॉलीकडे गेलं. “एवढी लाकडं कशाला? कुठं घर बांधताय का?”

“गार्डसाहेबांसाठी हायेत.”

“कुठल्या गार्डसाहेबांसाठी?”

“झिराडकर गार्डसाहेब.”

“म्हणजे मी?”

म्हाळूनं त्यांच्याकडे टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. मग परत चपलेपासून टोपीपर्यंत. गार्डसाहेबांनी एक हात वर केला आणि जुन्या सवयीच्या आवाजात म्हणाले, “जय भीम. तू खुटबावचा म्हाळू ना?”

म्हाळू ओट्याच्या पायरीवर बसला. गार्डसाहेबही त्याच्या शेजारी बसले आणि ट्रॉलीतलं सामान बघू लागले.

“लाकडंही आणि फावडीही?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यात काय करत्यात त्ये ठावं नव्हतं.”

“पुरतात.”

“बरं झालं सांगितलं,” म्हाळू मनापासून म्हणाला.

गार्डसाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कसलं पाणी आहे, हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं.

एवढ्यात डॅनियलना आणि पुण्याच्या मंडळींना घेऊन ज्ञानदेव स्टेशनवरून आला. आठवा माणूस काही मिळाला नव्हता. अंगणात बाप, चुलता, अर्धं गाव आणि लाकडं पाहून तो जागीच थबकला.

“मानसं कमी पडली हुती न्हवं?” म्हाळू आता सावरला होता. चूक झाली तरी माणसं काही वाया जाणार नव्हती. “किती पायजेत? दहा? हे घे तीस. कर सुरू.”

“आप्पा...” ज्ञानदेव चाचरला. “यांना त्यात धरता येत नाही.”

“का?”

“ज्यूच लागतात. आपली माणसं चालत नाहीत.”

‘तुम्ही चालत नाही’ हे म्हाळूनं पाणवठ्यावर ऐकलं होतं, देवळाच्या पायरीशी ऐकलं होतं, हॉटेलातल्या कपबशीपाशी ऐकलं होतं. गार्डसाहेबांच्या दारात, पोटच्या पोराच्या तोंडून ऐकावं लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं डोक्याला बांधलेला टॉवेल सोडला आणि उगाचच झटकला. ज्ञानदेवला आपण काय बोलून गेलो ते उमगलं.

“म्हाळू,” गार्डसाहेब म्हणाले, “गँगच्या मस्टरवर गार्डाची हजेरी लागते का?”

“न्हाई लागत.”

“गार्ड हलका म्हणून?”

“हलका कशाला? त्याची ड्यूटी न्हाई म्हनून.”

“तसंच हे. ही प्रार्थना म्हणायची ड्यूटी आमच्या लोकांवर लावलेली आहे. ज्याला ड्यूटी लागली त्याचीच हजेरी.” त्यांनी म्हाळूचा हात धरला. “तुझी ड्यूटी नसताना तू अर्धं गाव घेऊन मला पोचवायला आलास. त्याची हजेरी कुठं लावू, ते मला सुचत नाही.”

म्हाळूनं टॉवेल परत डोक्याला बांधला. रेल्वेच्या भाषेत सांगितलं, की त्याला सगळं पटायचं. पण माणूस अजून एक कमीच होता. पुण्याची मंडळी घड्याळाकडे बघू लागली. डॅनियल म्हणाले, कद्दिश सोडून बाकीच्या प्रार्थना म्हणू. गार्डसाहेब उठले.

तेव्हाच फटफट आवाज करत हौसरावांची राजदूत अंगणात शिरली. मागच्या सीटवर ऑईलनं माखलेल्या कपड्यांत एक म्हातारा हौसरावांना घट्ट धरून रडत होता.

“ह्ये शिरूरचे एलोबा मिस्त्री,” हौसराव गाडी लावत म्हणाले. “माझं इंजन ह्यांच्याकडंच असतंय. बोलता बोलता दौंडचे गार्डसाहेब गेले म्हनलो, तर पाना टाकला आन् तसंच गाडीवर बसलं. वाटभर रडत्यात. मला काय ठावं, ह्ये मेव्हणं म्हनून!”

एलोबा गाडीवरून उतरले. “बेंजामिन! मी तुला काय काय बोललो रे!” असं म्हणत त्यांनी अंगणात चार पावलं टाकली आणि बेंजामिन समोर उभा दिसला.

एलोबांचं रडणं बंद झालं. त्यांनी खिशातल्या फडक्यानं तोंड पुसलं. चेहरा आणखी काळा झाला.

“जिवंत आहेस?”

“आहे,” गार्डसाहेब अपराधी आवाजात म्हणाले.

“मग मी इथं आलो नाही,” एलोबा म्हणाले आणि वळले. “हौसराव, गाडी काढा.”

“अहो, लीयाबाईंचा भाऊ हा, मोजणीत भरतो!” डॅनियल ओरडले. दहावा माणूस अंगणात येऊन परत निघाला होता. ज्ञानदेव पुढं झाला, पण म्हाळू आधीच एलोबांच्या वाटेत उभा राहिला होता.

“मिस्त्री, बसा.”

“तू कोण?”

“मी कुनी न्हाई. हितं आम्ही तीस जन उभं हाव, आन् तिसातला एक मोजनीत भरत न्हाई. तुमी एकटं भरताय.” म्हाळूचा आवाज चढला. “सख्ख्या भनीचा दिस हाय, आन् भरनारा मानूस निघून चाललाय? आम्हाला भरून घेत असते, तर सांच्यापतूर हाललो नसतो!”

एलोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग लाकडांकडे, फावड्यांकडे, भाकरीच्या टोपल्यांकडे.

“सकाळी एकट्यानंच दिवा लावला होता तिच्यासाठी,” ते पुटपुटले. “शिरूरात दुसरं आहेच कोण?” मग गार्डसाहेबांकडे न बघता म्हणाले, “हात धुवायला साबण आण. आणि टोपी दे.”

दहा माणसं आत जेरुसलेमच्या दिशेला, पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. बाकीचे खिडक्यांपाशी आणि ओट्यावर टोप्या, टॉवेल सारखे करून उभे राहिले. “आमेन म्हणायला मस्टर लागत नाही,” गार्डसाहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळं गार्डसाहेब आणि एलोबा यांनी कापऱ्या आवाजात ओळी म्हटल्या, की आतून आठ आवाज यायचे आणि बाहेरून खुटबावची तीस माणसं शिवारात हाक घालावी तशी “आमेन!” म्हणायची. कॉलनीतली झोपलेली पोरं जागी झाली. पुण्याची मंडळी म्हणाली, एवढं दणदणीत आमेन त्यांच्या सिनेगॉगमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं.

मग सगळ्यांनी ओळीनं बसून पिठलं-भाकरी खाल्ली. एलोबांनी पहिला घास घेतला आणि नागाव बरोबर की पुणं, हा वाद पुन्हा सुरू केला. दुपारची गाडी आली, पुण्याची मंडळी गेली, तरी वाद मिटेना. शेवटी म्हाळू म्हणाला, “दोघंबी गावाकडं चला. आज ह्या घरात एकट्यानं ऱ्हायचं न्हाई. काय भांडायचं त्ये तिकडं भांडा.” हौसरावांनीही उद्या शिरूरला सोडायचं कबूल केलं. दोघे म्हातारे ट्रॉलीत चढले आणि लाकडांवर शेजारी शेजारी बसले.

दिवस कलताना ट्रॉली खुटबावात शिरली. मयताहून येणाऱ्या माणसांसाठी ताईबाईनं दारात चुलवणावर आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं. ती पदर सावरत पुढं आली आणि हळू आवाजात नवऱ्याला विचारलं, “झालं का नीट समदं?”

“मयत झालंच न्हाई,” म्हाळू ट्रॉलीतून गार्डसाहेबांना हात देऊन उतरवत म्हणाला. “ह्ये पाव्हनं आल्यात. च्या टाक.”