तीन सेंटिमीटर खचलेला डोंगर

"जमीन हलली, की जगात सगळ्यात आधी कुणाला कळतं? मला!"

हे वाक्य मोजणीसाहेब आठवड्यातून निदान दोनदा म्हणत. मोजणीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि ते साहेबही नव्हते. जमिनीची हालचाल मोजणाऱ्या कार्यालयात त्यांच्या वर चार माणसं होती आणि खाली फक्त एक खुर्ची, तीही डुगडुगणारी! पण सासरच्या गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत, आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं.

त्या गल्लीच्या पाठीशीच त्यांचा डोंगर होता. माथ्यावरच्या खडकात एक पितळी खूण ठोकलेली होती. दरवर्षी त्या खुणेवर तिपाई उभी करायची, तिपाईवर अँटेना बसवायचा आणि दोन दिवस त्याला उपग्रहांचे संदेश ऐकू द्यायचे. त्यावरून अँटेना नेमका कुठे आहे ते मिलिमीटरपर्यंत कळतं. त्यातून तिपाईची उंची वजा केली, की खूण कुठे आहे ते कळतं. गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिलं, की जमीन किती सरकली, किती खचली, ते आलंच! वीस हजार किलोमीटरवरून उपग्रह आपलं काम चोख करतात. शेवटचा दीड मीटर तेवढा माणसाने टेपने मोजायचा असतो.

आणि या वर्षी साहेब टेपच विसरले! कार्यालयाची पोलादी टेप घरी फ्रिजवर राहिली. परत जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. साहेब डोंगर उतरून सासरेबुवांच्या घरी गेले. सासरेबुवा चाळीस वर्षं शिवणकामात मुरलेले शिंपी. ते शिलाई मशीनसमोर खुर्चीतच डुलकी घेत होते, गळ्यात टेप. त्यांना उठवून "विसरलो" म्हणायचं? साहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी श्वास रोखून टेप गळ्यातून अलगद ओढली, वर नेली, पोटावर पालथं पडून तिचं टोक खुणेला टेकवलं आणि उंची वाचली. एकशे बेचाळीस पूर्णांक सहा सेंटिमीटर. तीनदा मोजली, तीनदा तीच आली! मग त्यांनी टेप परत आणून, तशीच अलगद, सासऱ्यांच्या गळ्यात घातली.

फॉर्मवर 'साधन' असा रकाना होता. त्यात साहेबांनी 'पोलादी टेप' लिहिलं. आकडा काय, कुठल्याही टेपवर आकडाच असतो!

दोन आठवड्यांनी गणित सुटलं, आणि साहेब खुर्चीतून पडता पडता वाचले. एरवी दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणारा डोंगर एका वर्षात तीन सेंटिमीटर खचला होता!

कार्यालयाच्या मुख्य बाईंनी कागद दोनदा पाहिला. "तिपाईची उंची नीट मोजली होती?"

"तीनदा, बाई!"

"पोलादी टेपने?"

साहेबांनी जरा घसा साफ केला. "म्हणजे काय!"

"तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू. तोवर कुणाजवळ बोलू नका."

साहेब घरी आले. एक बूट काढेपर्यंत बायकोला कळलं, दुसरा काढेपर्यंत तिने वडिलांना फोन लावला होता.

"तीन सेंटिमीटर म्हणजे किती हो, जावईबापू?" सासरेबुवा म्हणाले. "पँटची दुमड त्याहून मोठी असते!"

"अहो बाबा, डोंगर आहे तो! पँट नव्हे! आज तीन, उद्या तीस!"

"तुम्ही स्वतः मोजलंत?"

"स्वतः!"

"मग निघतो."

सासूबाई गेल्यापासून नऊ वर्षं लेक विनवत होती, तरी ज्या माणसाने ते घर एका रात्रीसाठीही सोडलं नव्हतं, तो संध्याकाळी शिलाई मशीन, बटणांचा डबा आणि सासूबाईंचा फोटो घेऊन दारात उभा राहिला. शिंपीकाका निघाले म्हटल्यावर गल्ली कशी थांबेल? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा घरांना कुलपं लागली. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी शाळेच्या सभागृहात पथारी पसरली. गल्लीतल्या बेकरीवालीने भट्टी विझवली. तिच्या सासूच्या काळापासून ती भट्टी कधी गार झाली नव्हती.

मुख्य बाईंचा फोन आला. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? आता शुक्रवारी नगरपालिकेत सभा आहे. तुम्हीच उभे राहा आणि सांगा लोकांना!"

सासरेबुवांना हे ऐकून केवढा आनंद झाला! "या शर्टात उभे राहणार? माझा जावई अख्खी गल्ली वाचवतोय! कोट शिवतो. हात पसरा."

साहेब हात पसरून उभे राहिले. सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या छातीभोवती गुंडाळली आणि लेकीला म्हणाले, "लिही, छाती अठ्ठ्याण्णव."

साहेबांनी सहज खाली पाहिलं. सासऱ्यांचा अंगठा एकशे एकवर होता.

"बाबा, एकशे एक आहे ते."

"ठाऊक आहे. टोक झिजलं होतं, म्हणून तीन सेंटिमीटर कापून टोकावरचा पत्रा पुन्हा बसवला. झाली की बारा वर्षं! आकडा दिसला, की तीन वजा करायचे. सवय आहे मला. हं, करा हात खाली."

साहेबांचे हात खाली येईनात.

"अहो, झालं माप!" बायको म्हणाली. "हात का वर?"

गप्प बसता आलं असतं. पुढच्या आठवड्यात डोंगर आपसूक तीन सेंटिमीटर वर आला असता, निसर्गाची किमया म्हणून! खरं सांगायचं, तर साहेबांनी हा विचार केलाही. पण समोर चपलांच्या रॅकवर सासूबाईंचा फोटो टेकवून ठेवला होता, कारण घरात दुसरी जागाच नव्हती. साहेबांना भयंकर लाज वाटली. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बायकोच्या हातातली पेन्सिल थांबली. सासरेबुवांनी टेपची गुंडाळी केली.

"मी झोपलो असताना काढलीत?"

"हो."

"आणि परत घातलीत?"

"हो."

"हळूच घातलीत हो. जाग आली नाही." मग ते हळू आवाजात म्हणाले, "चूक माझीच. कापली मी ना!"

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर साहेबांना बरं वाटलं असतं.

सासरेबुवांनी बटणांचा डबा उघडला, तळाशी बोटं फिरवली आणि एक पिवळट तुकडा बाहेर काढला. जेमतेम नखाएवढे आकडे, एक, दोन, तीन. "मापाची वस्तू टाकवत नाही मला. घ्या. उद्या सभेत लागेल."

सभेत साहेब जुन्याच शर्टात उभे राहिले. बोलता बोलता कान तापून लाल झाले.

"म्हणजे शिंपीकाकांच्या टेपने मोजलंत?" बेकरीवाली कडाडली. "आणि कागदावर काय लिहिलंत?"

"पोलादी टेप."

"ते तरी कुणी लिहिलं?"

"मीच."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सभागृहच हसायला लागलं. बेकरीवाली मात्र हसली नाही. ती भट्टी पेटवायला निघून गेली.

सासरेबुवा त्याच दिवशी फोटो घेऊन घरी परतले. जाताना त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

पुढच्या आठवड्यात बाई स्वतः दोन पोलादी टेपा घेऊन वर गेल्या. डोंगर होता तिथेच होता. अहवाल मात्र त्यांनी साहेबांनाच लिहायला लावला, खोडाखोड न करता, आणि पुराव्यासह. तो आजही कार्यालयाच्या कपाटात आहे. दोन ओळींचाच आहे, आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळट तुकडा स्टेपल केलेला आहे:

'डोंगर खचलेला नाही. खचलेले तीन सेंटिमीटर सोबत जोडले आहेत.'