कपाटाला हवा मानवली

शेवटी ताईला काम मिळालं, धाकट्याला ऑफिस मिळालं आणि दाजींना त्यांचे शर्ट काही मिळाले नाहीत. हा झाला निकाल. तो आपण वाचलाच नाही असं समजून पुढे जाऊ या, कारण यातलं अजून काहीच घडलेलं नाही. अजून ताई तिच्या बेडरूममधल्या लाकडी कपाटात बसलेली आहे.

कपाटात बसणं हा तिचा व्यवसाय होता. 'कृपया रांगेत उभे राहा', 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', 'वजनकाट्यावरून खाली उतरा' अशा सूचना ती रेकॉर्ड करून द्यायची. घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे दाजींचं कपाट. शर्ट आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे आतून सूचना कशी गुळगुळीत निघे. धाकटा भाऊ बाहेर लॅपटॉप घेऊन बसे आणि स्वतःला व्यवस्थापक म्हणवून घेई. दाजींना रोज ऑफिसला जाताना शर्टासाठी कपाटावर टकटक करावी लागे.

"अहो, थांबा जरा, वाक्य चालू आहे," आतून ताई म्हणे.

"मी दहा वर्षं नवरा आहे तुझा. प्रतीक्षा यादीवर कसा काय?"

मग ताईला खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर कुठे बसता? ताईने खरं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कपाटात? उजेड नाही, वारा नाही, धूळ आहे. असंच चाललं तर आवाज बसेल, आणि एकदा बसला की लवकर उठायचा नाही."

नेमकं त्याच आठवड्यात एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला ताईचा नमुना पसंत पडला. सगळ्या लिफ्टमध्ये एकच आवाज, तोही ताईचा! फक्त करार करण्याआधी कंपनीच्या मॅडम ऑफिस बघायला येणार होत्या. "घरगुती लोकांना आम्ही काम देत नाही," त्या फोनवर म्हणाल्या.

"ताई, ऑफिस घ्यायचं!" धाकटा जागच्या जागी उडाला. "भरपूर हवा, भरपूर उजेड आणि कमी भाडं!"

"असं ऑफिस असतं का कुठे?"

होतं. चौथ्या मजल्यावर. भिंतभर खिडकी, समोर झाडं, इकडून आलेला वारा तिकडून निघून जाई आणि जाताना कागद घेऊन जाई. भाडं इतकं कमी की धाकट्याला संशय आला.

"काका, यात खोट काय?"

"लिफ्ट नाही," घरमालक म्हणाले.

"वा! म्हणजे व्यायाम फुकट! ताई, आरोग्य आणि काटकसर एकाच जिन्यावर!"

ताई तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती, त्यामुळे तिला हरकत घेता आली नाही.

पहिल्या दिवशी ती खिडकीपाशी बसली, पोटभर श्वास घेतला आणि म्हणाली, "तळमजला." खोली म्हणाली, "मजला... मजला... ला." धाकट्याने ते तसंच पाठवून दिलं. मॅडमचा लगेच फोन. "आवाज छान आहे, पण आमची लिफ्ट आहे हो, विहीर नाही. आधीच्यासारखं करा."

धाकट्याने पडदे लावले. खोली थोडी गप्प झाली. चादरी लावल्या. आणखी थोडी. मग खिडकीवर गादी उभी केली, तेव्हा खोली पूर्ण गप्प झाली आणि पूर्ण अंधारही झाला.

"धाकट्या, आपण हवेचं भाडं भरतोय ना रे?" अंधारातून ताई म्हणाली.

गादी उतरवली. शेवटी दोघांच्याही मनात एकच विचार आला आणि दोघांनीही तो दुसऱ्याने बोलावा म्हणून वाट पाहिली.

"फक्त रेकॉर्डिंगपुरतं कपाट," धाकटा म्हणाला. "बाकी वेळ खिडकीत. डॉक्टरांना चालेल."

कपाट चार मजले चढलं. हमालांनी प्रत्येक वळणावर लिफ्टबद्दल चौकशी केली. दाजींनी एकच अट घातली होती, की शर्ट घरीच राहतील. पण शर्टांशिवाय कपाट नुसता डबा. आत काहीही बोललं की पिंपातून बोलल्यासारखं वाटे. तेव्हा शर्टही चढले. आता दाजी रोज सकाळी बनियनवर जॅकेट चढवून ताईच्या ऑफिसला येत, शर्ट घालत आणि आपल्या ऑफिसला जात.

हवा सगळ्यांना मानवली. ताईचा खोकला गेला. धाकट्याच्या गालांवर तकाकी आली. आणि कपाटालाही मानवली. इतकी वर्षं बंद खोलीत काढलेलं ते लाकूड मोकळा, ओलसर वारा पिऊन अंगाने भरलं. दरवाजा आधी कुरकुरू लागला, मग अडखळू लागला. "नवीन जागा आहे, रुळेल," धाकटा म्हणाला.

मॅडम आल्या त्या दिवशी जिन्यावरून त्यांचा श्वास आधी आला आणि त्या मागाहून. "लिफ्ट... नाही?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच कंपनीची वाट बघतोय," धाकटा म्हणाला.

मॅडम खुर्चीत बसल्या. वारा लागला, तशा खुलल्या. "जागा फार निरोगी आहे हो! पण खरं सांगू, आमची अडचण वेगळीच आहे. लिफ्ट अडकल्यावरची सूचना कुणालाच जमत नाही. काही जणी घाबरून बोलतात, काही जणी झोपेत. कालच्या बाई तर रडल्या."

"आमच्या ताईचं ऐका!" धाकटा कपाटाशी वाकून पुटपुटला, "ताई, काहीही होवो, आवाज बदलायचा नाही. आज आर या पार." आणि त्याने दरवाजा दाबून बंद केला. चांगलाच दाबून.

स्पीकरवर ताईचा आवाज आला. "दरवाजा उघडत आहे." मॅडमनी मान डोलावली. या सूचनेबरोबर बाहेर यायचं ठरलं होतं, म्हणून ताईने आतून दरवाजा ढकलला. तो हलला नाही. तिने परत ढकलला. मग खांदा लावला. मग तिच्या लक्षात आलं. ओरडावं, तर काम गेलं. न ओरडावं, तर हवा गेली.

"दरवाजा उघडत नाही," ताई लोण्यासारख्या आवाजात म्हणाली. "कृपया शांत राहा. बाहेरच्या व्यक्तींनी त्वरित लक्ष द्यावे."

"अय्या!" मॅडम खुर्चीच्या टोकावर आल्या.

धाकट्याने पाठीमागे हात नेऊन कपाटाची मूठ ओढली. मूठ हातात आली. तेवढ्यात दाजी आले. जॅकेट काढलेलं, बनियनवर, कामाला उशीर झालेला.

"मेहुणे, निळा शर्ट काढा बघू."

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमचे तंत्रज्ञ," धाकटा म्हणाला. "उन्हाळी गणवेश आहे त्यांचा."

दाजींना परिस्थिती कळायला वेळ लागला नाही. त्यांनी फटीत बोटं घातली आणि जोर लावला. कपाट डुललं.

"कृपया दरवाजाशी झटापट करू नका," आतून आवाज आला. "मदत येत आहे."

"अगं, मदत मीच आहे!" दाजी म्हणाले.

"उपलब्ध मदत अपुरी आहे. कृपया सुतार बोलवावा."

"काय धीर आहे!" मॅडम उभ्याच राहिल्या. "काय विश्वास वाटतो! मी अडकले असते ना, तर मला बाहेरच यावंसं वाटलं नसतं! फक्त ते 'सुतार' काढून टाका."

"नका काढू!" धाकटा कळवळून म्हणाला. "आत्ता नका काढू!"

"आतील हवा मर्यादित आहे," ताई शांतपणे पुढे म्हणाली. "घराचे कर्तेधर्ते समजल्या जाणाऱ्यांनी आता मनावर घ्यावे."

दाजींनी आणि धाकट्याने मिळून ओढलं. जमलं नाही. मॅडमना वाटलं, प्रात्यक्षिकात पाहुण्यांनाही भाग घ्यायचा असतो. त्यांनी उत्साहाने पर्स खाली ठेवली, दाजींच्या कमरेला धरलं आणि "हं!" म्हणाल्या. दरवाजा सुटला. तिघं एकावर एक पडली आणि त्यांच्यावर शर्ट पडले.

ताई बाहेर आली. लाल, घामेजलेली, केसात हँगर. आणि तिने तोंड उघडलं.

"गाढवा! दाबलास कशाला इतका? मेले असते ना मी आत! आणि अहो, तुम्ही! बायको आत गुदमरतेय आणि निळा शर्ट सुचतोय तुम्हाला?"

झाडांवरचे पक्षी उडाले. मॅडम शर्टाच्या बाहीतून डोकं काढून बघत राहिल्या.

"त्या आतल्या बाई किती गोड होत्या," त्या धाकट्याला हळूच म्हणाल्या. "या कोण?"

करार दुसऱ्याच दिवशी आला. धाकटा तो घेऊन खोलीभर नाचला. कंपनीने सगळं मान्य केलं होतं. सगळ्या लिफ्ट, सगळे मजले, पुढच्या सगळ्या सूचना. फक्त एक अट जोडली होती, की आवाजातला तो अस्सल धीर टिकावा म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच कपाटात, दरवाजा खरोखर अडकलेला असताना व्हावं. दरवाजाची दुरुस्ती करून घेतल्यास करार रद्द.

ताईने करार दोनदा वाचला. खिडकीकडे बघितलं. तिथे दाजी वाऱ्यावर केस वाळवत बसले होते आणि धाकटा त्यांना चहा ओतून देत होता.

"सही कर ना, ताई! काय विचार करतेस?"

ताईने सही केली. सहीखाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'उपरोक्त करारास अनुसरून अर्जदार सादर करते की, अर्जदार कपाटात अडकलेली असताना व्यवस्थापक तसेच तंत्रज्ञ यांनी खिडकीत बसून चहा पिणे तहकूब ठेवावे, आणि ते शक्य नसल्यास निदान "आहाहा" असे म्हणू नये, ही नम्र विनंती.'