महानंदाक्कांचा सेंट

आमच्या अपार्टमेंटमध्ये महानंदाक्का जिना उतरायला लागल्या की तळमजल्यावरच्या माणसाला ते नाकाने कळतं. आधी गुलाब येतो, मागून मोगरा, आणि त्यामागून कुठलं तरी विलायती फूल, ज्याचं नाव बाटलीवर लिहिलेलं असूनही आम्हाला कुणालाच वाचता आलं नाही. मग अक्का येतात. वय त्रेसष्ट, इरकल साडी, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी.

सेंट तसा कॉलेजच्या पोरींनी लावायचा. गुलाबी बाटली आणि झाकणावर काचेचं भलंमोठं फूल. तो अक्कांनी नवी पेठेतल्या एका दुकानातून आणला. काउंटरवरच्या मुलीने अदबीने विचारलं, "आजी, नातीसाठी का?"

"नातीसाठी कशाला? नाक मला हाय की," अक्का म्हणाल्या.

सेंट लावायची त्यांची पद्धत म्हणजे मनगटावर एक थेंब वगैरे नाही. दोन्ही खांदे, पदर, पाठ, आणि शेवटी एक फवारा वर हवेत मारून त्याखालून स्वतः चालत जायचं. कुणी हळूच म्हणालंच, "अक्का, जरा जास्त होतंय," तर उत्तर ठरलेलं. "लावलं की कळायला पाहिजे!"

एकदा त्या रिक्षात बसल्या. रिक्षावाल्याने दोन चौकांपर्यंत डोकं बाहेर काढून गाडी चालवली, मग मागे वळून विचारलं, "खाला, शादी में जा रहे क्या?"

"न्हाय रे बाबा, लाइट बिल भरायला."

हा किस्सा अक्कांनी स्वतःच अख्ख्या इमारतीला सांगितला, आणि दर वेळी तितक्याच खुशीत. मंगळवेढ्याला मावसभावाच्या शेतात हुरड्याला गेल्या, तर सेंटाला भुलून मधमाश्या आल्या. बाकीची पाहुणेमंडळी ताटं टाकून पळाली. अक्का जागच्या हलल्या नाहीत. "बसू द्या की, त्यांना तरी आवडलं," म्हणाल्या आणि हुरडा खात राहिल्या. भजनाच्या मंडळाने त्यांची जागा हळूहळू सरकवत दारापाशी नेली. अक्का म्हणाल्या, "वारा चांगला लागतो हितं."

खरं सांगायचं तर मीही त्यांची चाहूल लागली की खिडकी लावून घ्यायचो.

माझी मुलगी ऋतुजा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने त्यांना जिन्यातच गाठून विचारलं, "अक्का, तुम्हाला एवढा का आवडतो हो हा वास?" असं सरळ आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. अक्का पायरीवर बसल्या.

"माझ्या आईला दमा होता, बाळ. चाळीस वर्सं घरात उदबत्ती न्हाय का पावडर न्हाय. फोडणीसुदिक गॅलरीत द्यायची मी. लग्नात कुणी गजरा दिला, की येताना कठड्याला बांधून वर जायची." मग त्या हसायला लागल्या. "एक स्थळ आलं होतं बघ. पोरगा लई चांगला, माढ्याला मास्तर. पर अत्तर लावून आला. आईला अशी धाप लागली की त्यो पोह्याची बशी ठिवून उठलाच. परत काय आला न्हाय."

अक्कांची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का नवी पेठेत गेल्या होत्या.

त्यानंतर मी खिडकी लावायची सोडली. ऋतुजा तर कॉलेजला जाताना मुद्दाम वर जाऊन एक फवारा मारून घेऊ लागली.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन वाजला. पुण्याहून भाचा, शिवा. अक्कांच्या आईच्या शेवटच्या आजारपणापासून त्याचं येणं सुटलं होतं. तो म्हणाला, अक्कलकोटला लग्न आहे, रविवारी परतताना बायको आणि दीड वर्षाच्या मुलाला घेऊन येतो. फक्त एक आहे, मुलाला श्वासाचा त्रास आहे, वास चालत नाही.

अक्का तशाच खाली आल्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली बाटली.

"हे तुझ्याकडं ठिव रे दत्ता. आन् झाकण उघडू नको."

पुढचे चार दिवस वरून पाण्याचाच आवाज येत होता. पडदे धुतले, चादरी धुतल्या, सगळ्या साड्या रिठ्याच्या पाण्यातून काढल्या. गादी उन्हात टाकायला मी मदत केली. शनिवारी त्यांनी ऋतुजाला वर बोलावलं, भिंतीपाशी उभं केलं. "वास घे. खरं सांग."

"थोडासा येतोय, अक्का."

त्यांनी भिंत पुन्हा पुसून काढली.

रविवारी सकाळी शेंगापोळ्या झाल्या. लेकरासाठी मऊ खिचडी, तुपातली, बिनफोडणीची. अक्का साडी नेसून दुपारी बारापासून गॅलरीत उभ्या. तीनला फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, पाण्याचा जार पोचवायला गेलेलो.

"आत्या, अगं उशीर झाला. पोरगं गाडीत झोपलंय. आता थेट पुण्यालाच निघतो. पुढच्या वेळी नक्की."

"बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "झोपेतनं उठवू नये लेकराला. सावकाश जा."

फोन ठेवून त्यांनी माझ्यासमोर ताट मांडलं. मला भूक नव्हती, पण मी तीन पोळ्या खाल्ल्या. खिचडी त्यांनी स्वतः घेतली. मीठ नसलेली, तशीच.

दोन-तीन आठवडे गेले. आता जिन्यात काही कळत नाही. अक्का कधी उतरतात, कधी चढतात, पत्ता लागत नाही. भजनात त्यांना पुन्हा पुढे जागा मिळाली म्हणे. रिक्षावाले काही विचारत नाहीत. परवा संध्याकाळी मीच डबा घेऊन वर गेलो.

अक्का खुर्चीत बसून होत्या. डबा पाहिला, पण हात पुढे केला नाही.

"राहू दे की तुझ्याकडं."

"अहो अक्का, ते काय आता लगेच थोडेच येणारेत?"

"म्हणून तर. कवा येतील सांगता येत न्हाय. हे एकदा लावलं की आठ दिस भिंतीतनं जात न्हाय. आन् नेमकं तवाच दारात उभं राहिले, तर लेकराला घेऊन परत फिरायचं व्हय त्यांनी?"

मी डबा परत मांडीवर घेतला. थोडा वेळ बसलो, ऋतुजाच्या परीक्षेचं सांगितलं, उठलो. बाहेर पडताना सवयीने दार ओढून घेत होतो.

"लावू नको रे," अक्का आतून म्हणाल्या. "उघडं असलं की जिन्यातनं माणसं गेलेली ऐकू येतात."