लघवी लाल व्हईल

आमच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला आधी लघवीवरचं भाषण ऐकावं लागे. तेही खिडकीसमोर वीस-पंचवीस माणसं उभी असताना, पार एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"बाय, लघवी लाल व्हईल! रगत नाय ते, गोळीचा रंग हाय. बोल, काय व्हईल?"

बाई पदरात तोंड लपवी, रांग खिदळे. खिडकीमागचे साळवेभाऊ मात्र तिच्याकडून वदवून घेतल्याशिवाय पुडी सोडत नसत. मागून कोणी "कंपाउंडर, आटपा की" म्हणालं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. "कंपाउंडर नाय, फार्मासिस्ट! गोळी काय, कुणीबी देल. सांगायचं काम माझं हाय."

नव्वदच्या दशकात शहापूर तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. बी.कॉम. झालेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. चारचौघांत असले शब्द म्हणजे मला शुद्ध अडाणीपणा वाटे.

एकदा साळवे औषधांचा साठा आणायला ठाण्याला गेले आणि खिडकीवर मी बसलो. पाड्यावरची यमुना पहिल्यांदाच गोळ्या न्यायला आली. तिशीच्या आतली, सोबत सासू. पुडी हातात घेतली, पण लघवीचा शब्द काही माझ्या तोंडातून निघेना. "सकाळी उपाशीपोटी घ्या," एवढंच म्हणालो. वर स्वतःच्या सभ्यतेवर खूश झालो.

पुढच्या महिन्यात यमुना गोळ्या न्यायला आलीच नाही. साळवे मला घेऊन तिच्या पाड्यावर गेले. ती भिंतीला टेकून खोकत होती.

"दादा, रगत पडाया लागलं लघवीतून. मंग गोळ्या ओढ्यात टाकल्या."

"खिडकीवर कोण काय बोललं नाय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे सायेब लय सभ्य हायत. एक वाकडा शब्द नाय बोलले."

आयुष्यात मला मिळालेलं सर्वांत वाईट प्रशस्तिपत्र ते.

डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा साळवे म्हणाले, "खिडकी माझी हाय, साहेब. चूक माझी." मी शेजारी उभा होतो. तिथंही मी सभ्यच राहिलो.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. साळवे दर मंगळवारी पाड्यावर जात, समोर बसून तिला गोळी घ्यायला लावत. पण मधला महिना फार महागात पडला होता. पावसाळ्याआधीच यमुना गेली.

तिला पोचवून आम्ही दोघं फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत बसलो. शेवटी मीच म्हणालो, "भाऊ, मला शिव्या तरी द्या."

त्यांनी चपलेतली माती झटकली.

"जेवलास का?"

"नाही."

"मंग घरी चल माझ्या. घरवाली गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण एकट्यापुरता भात टाकाया अजून जमत नाय मला."