रावजी गार्डांची शिट्टी

रविवारी सकाळी घरातून निघताना रावजींनी खुंटीवरची शिट्टी काढून कोटाच्या आतल्या खिशात टाकली. एवढंच. बाकी त्या दिवशी जे घडलं त्यात आपला काडीचाही दोष नाही, असं ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात. (छातीवर हात ठेवला की नेमकी शिट्टीच हाताला लागते, ते सोडा.)

रावजी रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी कुर्डुवाडीत काढली आणि रिटायर झाल्यावर थोरल्या मुलाकडे इगतपुरीला राहायला गेले. पण इगतपुरीची थंडी त्यांच्या गुडघ्यांना काही मानवेना. म्हणून दिवाळी झाली की रावजी आणि त्यांच्या बायको मथुराबाई धाकट्या जालिंदरकडे सोलापूरला येत. ऐन पौषात दुपारी पंखा लावावा लागणारं गाव! रावजी अंगणात उघड्या अंगानं ऊन खात बसत आणि इगतपुरीच्या लोकांची कीव करत. नोकरी सुटली होती, शिट्टी मात्र सुटली नव्हती. पानं वाढून झाली की शिट्टी. टांग्यात सामान चढलं की शिट्टी. शेजारची पोरं तर त्यांना बघितलं की आपोआप रांगेत उभी राहायची.

त्या रविवारचा बेत शेजारच्या सोमलिंगअण्णांनी काढला. अण्णा गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे.

"रावजी, नान्नजच्या माळावर माळढोक बघितला काय री कधी? लई मोठा पक्षी. माणसाच्या कमरेला लागतो!"

"बघितला म्हणजे? आमच्या गाडीबरोबर पळायचे ते," रावजी म्हणाले. (रावजींनी आयुष्यात कावळा सोडून दुसरा पक्षी धड ओळखला नव्हता.) "चला, तुम्हाला मीच दाखवतो. गॅरंटी!"

मथुराबाईंनी तिथल्या तिथं बजावलं. "माळढोक बघा न्हाय तर हत्ती बघा. पण दुपारी गड्ड्यावरच्या नाटकाला मी जाणार. तिन्ही अंक बघणार. आन् ती शिट्टी घरी ठेवायची."

या तिसऱ्या अंकापायी मथुराबाईंचा जीव जन्मभर अडकला होता. दर वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, नाटकाचा तंबू पडायचा. दोघं पासवर कुर्डुवाडीहून यायची आणि दुसरा अंक संपला की रावजी उठायचे, कारण परतीची गाडी! आपल्या बायकोसाठी गार्डानं गाडी चुकवली तर लोक काय म्हणतील? मग मथुराबाई डब्यात खिडकीशी बसून उरलेला अंक मनानंच रचायच्या. कुणाला मारायच्या, कुणाचं लग्न लावायच्या, आणि कुर्डुवाडी आली की डोळे पुसून उतरायच्या. यंदा मुक्कामच सोलापुरात. गाडी नाही, घाई नाही. त्यांनी ठेवणीतली इरकल आठ दिवस आधी गादीखाली घालून ठेवली होती.

सकाळच्या एसटीनं अण्णा, त्यांच्या बायको बसम्मा, रावजी आणि मथुराबाई नान्नजला उतरले. तिथून भीमाची बैलगाडी केली. माळावर बाभळीच्या आडोशाला सगळे दबा धरून बसले. काळवीट दिसले, ससा दिसला, भीमानं ज्वारीचा हुरडा भाजून दिला तोही खाऊन झाला. माळढोकाचा पत्ता नाही.

"लेट आहे," रावजी म्हणाले. "पण येणार."

ऊन चढलं तशी मथुराबाईंची चुळबुळ सुरू झाली. "चला बाई, नाटक चुकंल माझं."

सगळे गाडीत चढले. रावजी शेवटी चढले आणि मागं तोंड करून बसले. गार्डाचं तोंड नेहमी मागंच असतं. सगळी मंडळी बसली याची त्यांनी एकदा खात्री केली, आणि काय होतंय ते कळायच्या आत हात कोटात गेला. फुर्रर्र!

"पावणं, बैल हायती, इंजान न्हाय!" भीमा ओरडला.

आणि त्याच क्षणी समोरच्या गवतातून एक धिप्पाड पक्षी उठला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. दोन ढांगा टाकून तो उडाला आणि बैलांच्या शिंगांवरून संथ निघून गेला.

"अय्यय्यो!" बसम्मा ओरडल्या. "केवढा हो, केवढा!"

रावजींनी वळून बघेपर्यंत समोर नुसतं आभाळ होतं.

"बघितला न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे काय!"

"मान कसल्या रंगाची हुती?" मथुराबाईंनी विचारलं.

"मानेचा असतो तोच रंग. स्टँडर्ड," रावजी म्हणाले. "आणि तो उठला कशामुळं? माझ्या शिट्टीमुळं! घरी ठेवली असती म्हणजे बसला असता हुरडा खात."

मथुराबाई इतक्या हरखल्या होत्या, की शिट्टी काढून घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. तिथंच चुकलं.

दुपारी तंबूत पहिल्या रांगेत जागा मिळाली. आत विंगेतून शिट्टी वाजली आणि पडदा वर गेला. अंक संपताना परत शिट्टी, पडदा खाली. वर बांबूवर बसून दोऱ्या ओढणारा माणूस त्या शिट्टीवरच चालायचा. रावजींनी मथुराबाईंना कोपरानं ढोसलं. "बघितलंस? गार्डाशिवाय नाटकसुद्धा हलत नाही."

दोन अंक झाले. सवयीनं रावजींचे पाय दाराकडे वळले, तेव्हा मथुराबाईंनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं.

आणि तिसरा अंक उघडला. समोर रेल्वे स्टेशन! कापडाचा डबा, लाकडाचं इंजिन. नायिका सगळं सोडून निघालेली. नायक धावत आलेला. तिचा एक पाय पायरीवर, एक फलाटावर. जाणार की राहणार? मथुराबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. बसम्मांनी पदराचा बोळा तोंडात घातला. स्टेशनची घंटा झाली. आणि गार्डाचा डगला घातलेल्या एका काटकुळ्या नटानं शिट्टी न देताच हिरवी झेंडी दाखवली.

शिट्टी न देता! रावजींचं रक्त उसळलं. उतारू पायरीवर, आणि हा खुशाल झेंडी दाखवतोय? असल्या ढिलाईनं ॲक्सिडेंट होतात!

फुर्रर्रर्र!

वरच्या माणसानं इमानेइतबारे दोऱ्या सोडल्या. धाडकन पडदा पडला. नायक आत राहिला, नायिका ट्रंकेसकट बाहेर. "अगं बाई!" ती म्हणाली. हे नाटकातलं नव्हतं.

निम्म्या लोकांना वाटलं नाटक संपलं. ते टाळ्या वाजवून चपला शोधायला लागले. मॅनेजर धावत बाहेर आला. "शिट्टी कुणी मारली?"

रावजी ताठ उभे राहिले. "मी. नियमानं मारली. तुमच्या गार्डाला काढून टाका, त्याला काही येत नाही."

दोन दांडग्या पोरांनी त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं. शिट्टी खाली पडली. मथुराबाईंनी ती उचलली. जन्मभर वाट बघितलेला तिसरा अंक डोळ्यांदेखत पांगत होता. त्या इरकल सावरून खुर्चीवर चढल्या.

"बसा खाली समदी! न्हाय संपलं आजून!"

आणि गाल फुगवून त्यांनी शिट्टी मारली. रावजींना दारातूनसुद्धा कबूल करावं लागलं, की शिट्टी अस्सल वाजली. पडदा सरसर वर गेला. नायिकेनं ट्रंक उचलून पाय पुन्हा पायरीवर ठेवला. लोक मुकाट्यानं खाली बसले.

रावजी बाहेर शेंगांच्या गाडीपाशी उभे राहिले. आत हुंदके ऐकू आले, मग टाळ्या, मग आणखी टाळ्या. मंडळी बाहेर पडली तेव्हा मथुराबाईंचा चेहरा रडून रडून लाल झाला होता आणि त्या खुशीत होत्या.

"काय झालं शेवटी?" रावजींनी हळूच विचारलं.

"मी जन्मभर डब्यात बसून शेवट रचले की. आता तुमी एक रचा."

घरी जालिंदर वाट बघत होता. "काय आबा, माळढोक दिसला?"

"दिसला म्हणजे? मीच उठवला त्याला."

"आणि नाटक?"

"फर्स्टक्लास. शेवटी काय, बाई गाडीत बसली आणि गाडी राइट टाइम सुटली!"

मथुराबाईंनी शिट्टी पदराच्या टोकाला बांधून गाठ आवळली.

"गाडी सुटलीच न्हाय," त्या म्हणाल्या. "सुटंल कशी? गार्डालाच बाहेर काढला हुता की."